मागचे आसन

बँकेत संयुक्त खाते उघडण्यास आलेल्या दांपत्याला एक प्रश्न हमखास विचारला जातो. खात्याचा व्यवहार कोणी करावयाचा? ‘दोघांपैकी कोणीही अथवा हयात असेल तो’, की ‘दोघांनी मिळून’? बहुतेक दांपत्ये पहिला पर्याय निवडतात, कारण तो सोयीचा असतो. दुसऱ्यात प्रत्येक धनादेशावर दोन सह्या लागतात आणि व्यापारी घरात तेवढी सवड कोणाला? पहिल्या पर्यायातील ‘कोणीही’ म्हणजे प्रत्यक्षात कोण, हे काउंटरच्या अलीकडच्या आणि पलीकडच्या दोन्ही बाजूंना ठाऊक असते.

वाहनांच्या जगात मात्र असे एक वाहन आहे, ज्यात पहिला पर्याय उपलब्धच नाही. ते म्हणजे टँडेम सायकल. एकामागे एक अशी दोन आसने, दोन हँडले, पायट्यांच्या दोन जोड्या. पण चाके दोनच. मागचे हँडल घट्ट बसवलेले असते, ते वळत नाही. दोन्ही क्रँक डाव्या अंगाच्या एका साखळीने परस्परांना जखडलेले असतात. त्यामुळे पुढच्याने पाय थांबवले की मागच्याचे पाय आपोआप थांबतात आणि मागच्याने जोर लावला की तो पुढच्याच्या तळपायाला तत्क्षणी कळतो. इथे ‘कोणीही’ चालत नाही.

नावाचीही गंमत आहे. ‘टँडेम’ हा मूळ लॅटिन शब्द. त्याचा अर्थ ‘अखेरीस’, ‘बऱ्याच काळानंतर’. इंग्रजीत ‘बऱ्याच काळानंतर’ आणि ‘लांबीच्या दिशेने’ या दोन्ही अर्थांना एकच शब्दप्रयोग चालतो. अठराव्या शतकात इंग्लंडातील कोणा विनोदी पंडिताने त्यावर श्लेष केला आणि शेजारी शेजारी न जुंपता एकामागे एक जुंपलेल्या दोन घोड्यांच्या गाडीला ‘टँडेम’ म्हणू लागले. घोड्यांवरून ते नाव सायकलीवर आले. १८८०च्या दशकात इंग्लंडात अशा सायकली बनू लागल्या, १८९२मध्ये हॅरी डेकर याने ‘डेझी बेल’ हे गीत रचले आणि दोघांची सायकल घरोघरी पोहोचली. गीतातील प्रियकर गरीब आहे, लग्नात घोडागाडी आणणे त्याला परवडणारे नाही, म्हणून तो डेझीला दोघांच्या सायकलीवर बसण्याचे निमंत्रण देतो. पुढे १९६१मध्ये अमेरिकेतील बेल प्रयोगशाळेत संगणकाला गाणे शिकवले गेले, तेव्हा त्यानेही हेच गीत गायिले.

त्या काळच्या कित्येक टँडेममध्ये स्त्रीचे आसन पुढे असे. लांब झग्यामुळे पुढची नळी खाली वाकवलेली असे आणि स्त्रीला पाठ दाखवून बसणे असभ्य मानले जाई. पण म्हणून दिशा तिच्या हाती दिलेली नसे! मागे बसलेला पुरुष एका दांडीच्या जोडणीने पुढचे चाक वळवी. पुढे ही युक्ती अवजड ठरली, पुरुष पुढे आला आणि स्त्री मागे गेली. आज पुढच्याला ‘कप्तान’ म्हणतात. मागच्याला ‘स्टोकर’, म्हणजे वाफेच्या इंजिनात कोळसा टाकणारा भट्टीवाला. वळण, ब्रेक, गिअर, रस्त्यावरचा खड्डा हे सारे कप्तानाकडे. भट्टीवाल्याकडे श्रम आणि समोर कप्तानाची पाठ.

या पाठीची गोष्ट सांगण्याजोगी आहे.

सांगलीच्या मार्केट यार्डात हळद आणि बेदाण्याची अडत करणारे एक गृहस्थ. वय सदुसष्ट. दुकान आता धाकट्या मुलाकडे. थोरला मुलगा डॉक्टर, इंग्लंडच्या ईशान्येस स्टॉक्टन-ऑन-टीज या गावी स्थायिक. उन्हाळ्यात पती-पत्नी त्याच्याकडे काही महिने राहावयास जातात. गृहिणी चौसष्ट वर्षांच्या. तरुणपणी त्या गावभागातून विश्रामबागेतील विलिंग्डन महाविद्यालयात सायकलने जात. लग्नानंतर सायकल सुटली ती सुटलीच. चार वर्षांपूर्वी त्यांच्या डोळ्यांना मॅक्युलर डीजनरेशन जडले. नेत्रपटलाचा मध्यभाग झिजतो, समोरचा चेहरा, पुस्तकातील ओळ, सुईचे नेढे पुसट होत जाते. कडेकडेचे मात्र दिसत राहते. अशा व्यक्तीने एकटीने सायकल चालवणे धोक्याचेच.

मुलाच्या शेजारी एक वृद्ध इंग्रज राहतात. त्यांची पत्नी काही वर्षांपूर्वी निवर्तली. परसातील लाकडी खोलीत ताडपत्रीखाली त्यांची टँडेम उभी होती. ती त्यांनी १९७०च्या दशकात गावातल्याच कारखान्यातून घडवून घेतली होती. स्टॉक्टनमध्ये जॅक, नॉर्मन आणि केन टेलर या तिघा भावांनी दुसऱ्या महायुद्धानंतर ‘जॅक टेलर सायकल्स’ हा व्यवसाय चालवला. रेनॉल्ड्स ५३१ या मँगनीज-मॉलिब्डेनम पोलादाच्या नळ्या पितळाने अशा जोडीत की सांधा हाताला लागू नये. जॅकच्या ब्रशातून उतरलेल्या बारीक रेघा नळ्यांवर शोभत. त्यांच्या टँडेमला अमेरिकेपर्यंत मागणी होती. १९९०च्या सुमारास कारखाना बंद झाला. तीन भावांनी कामे वाटून घेऊन एकत्र धंदा टिकवला, ही गोष्ट सांगलीच्या गृहस्थांना सायकलीपेक्षाही अधिक भावली, हे ओघाने आलेच.

शेजाऱ्यांनी गृहिणींना ताडपत्रीखालची सायकल दाखवली. त्यांनी पुढचे काही पाहिले नाही, हात लांबवून मागच्या आसनाखालचा सांधा चाचपला आणि म्हणाल्या, “अहो, यावर मला बसता येईल.”

शेजारी पैसे घेईनात. गृहस्थ फुकट घेईनात. मोबदल्यावाचून करार होत नाही, हे व्यापाऱ्याला शिकवावे लागत नाही. अखेर एक पौंड ठरला आणि वर एक अट: दर आठवड्याला हवा शेजारीच तपासतील.

मग सायकल सजवण्याचे दिवस सुरू झाले. हा भाग विस्ताराने सांगण्यासारखा आहे, कारण जुनी टँडेम चालवणाऱ्यांचा निम्मा आनंद त्यातच असतो.

पहिला तिढा टायरचा. जुन्या ब्रिटिश सायकलींची चाके २७ इंची असत. हल्ली सर्वत्र ७०० आकड्याची मिळतात. दिसायला दोन्ही सारखीच. गृहस्थांनी स्वस्त पडतात म्हणून ७००ची जोडी आणली आणि दोन तास झुंजून अंगठ्याची नखे दुखवून घेतली. टायर बसेना. शेजाऱ्यांनी टेप आणून दाखवले: जुन्या रिमचा, जिथे टायर बसतो तिथला, व्यास ६३० मिलिमीटर आणि नव्याचा ६२२. आठ मिलिमीटरने कमी. ‘माल डोळ्यांनी नव्हे, मापाने घ्यावा’ हे आयुष्यभर शेतकऱ्यांना ऐकवणाऱ्या माणसाची ही फजिती गृहिणींनी सांगलीला फोन करून सविस्तर कळवली.

दुसरा प्रश्न आसनांचा. मूळची दोन्ही आसने ब्रुक्सची, जाड चामड्याची. बर्मिंगहॅमच्या या घराण्याने १८८२मध्ये आसनाचे पेटंट घेतले, तेव्हापासून अभिजात सायकल म्हटली की ब्रुक्सचे चामडे, असे समीकरण आहे. चामडे वापराने बसणाऱ्याच्या बांध्याचा आकार घेते. शेजाऱ्यांच्या दिवंगत पत्नीच्या बांध्याचा तो आकार मागच्या आसनावर अजून होता. सांगलीच्या दांपत्याला चामड्यावर बसणे शक्य नव्हते. पण ते सांगावे कसे? गृहिणींनी मुलाकरवी सांगितले. शेजारी क्षणभर गप्प राहिले, मग म्हणाले की हे तर बरेच झाले, ते आसन आपण घरातच ठेवू. त्याच कंपनीने २०१३पासून नैसर्गिक रबर आणि सुती कापडाचे आसन काढले आहे. ते दोन आणले. हँडलवर सुती फीत गुंडाळून तिच्यावर लाखेचा हात देण्याची जुनी रीत आहे, म्हणजे फीत पावसात टिकते. लाख कीटकापासून मिळते, आणि तिचा मोठा पुरवठा भारतातूनच होतो, हे गृहस्थांना व्यापारामुळे ठाऊक होते. लाख वगळली. फीत महिन्याभरात मळली, तेव्हा बदलली. पुन्हा मळली. पुन्हा बदलली.

बाकी सज्जतेत नवल असे थोडे. मागच्या चाकावर कॅरिअर आणि दोन बाजूंना कापडी पिशव्या. पुढे डबा, पाणी, पावसाळी अंगरखे. पक्की मडगार्डे, नाहीतर पुढच्या चाकाचा चिखल कप्तानाच्या पायावर आणि मागच्या चाकाचा भट्टीवालीच्या पाठीवर. मागच्या आसनाखाली स्प्रिंगची दांडी, कारण मागचे आसन मागच्या चाकाच्या अगदी जवळ येते आणि खड्ड्याचा दणका तिथेच जास्त बसतो. चाकांना आरे अधिक. साध्या सायकलीला छत्तीस पुरतात, टँडेमच्या मागच्या चाकाला चाळीस किंवा अठ्ठेचाळीस लागतात.

ब्रेकचा विषय मात्र नवलाचाही आहे आणि महत्त्वाचाही. वजन दोघांचे, पण वारा अंगावर घेणारा जवळजवळ एकच. म्हणून सपाटीवर आणि उतारावर टँडेम एकट्याच्या सायकलीला मागे टाकते आणि चढावर रखडते. उतारावरची ती सारी गती दोनच चाकांवर रोखावयाची. रबरी गुटके रिमवर लांब वेळ घासत राहिले तर रिम इतकी तापते की टायर फुटू शकतो. म्हणून जुन्या चांगल्या टँडेमना तिसरा ब्रेक असतो. तो मागच्या चाकाच्या तुंब्यात, ढोलकीसारख्या डब्यात बसवलेला असतो आणि लांब उतारावर सतत धरून ठेवायचा असतो. या सायकलीवर तिन्ही ब्रेकच्या मुठी पुढच्या हँडलवर होत्या.

मग शिक्षण. शेजारी गुरू. बसण्याची रीत ठरलेली: कप्तानाने पाय फाकवून सायकल दोन्ही ब्रेक दाबून खांबासारखी धरावी, मागच्याने निवांत चढावे, दोन्ही पाय पायट्यांवर ठेवावे, पायटे हवे तिथे फिरवून घ्यावेत आणि ‘तयार’ म्हणावे. मगच निघावे. थांबताना कप्तानाने पाय टेकवावा. मागच्याने उतरू नये. आणि सर्वांत मोठा नियम: कप्तानाने बोलत राहावे. खड्डा येण्यापूर्वी ‘खड्डा’. गिअर बदलण्यापूर्वी ‘गिअर’. पाय थांबवण्यापूर्वी ‘थांब’. ब्रेकपूर्वी ‘ब्रेक’. मागच्याला पुढचे काही दिसत नसते, मग डोळे शाबूत असोत वा नसोत. टँडेमवाल्यांत एक जुनी म्हण आहे की मागच्याची कधी चूक नसते. त्याच्या हातात काहीच नसते, तर चूक होणार कशी? आणखीही एक म्हण आहे: तुमचे नाते जिथे चालले असेल, तिथे टँडेम तुम्हाला लवकर पोहोचवते.

गृहस्थांना चढणे जमले, तोल जमला, गिअर जमले. बोलणे जमेना.

हा माणूस दुष्ट नव्हे. सांगलीत त्यांच्या शब्दाला किंमत आहे. पण आपले मन त्यांनी हरिपूरच्या पेवासारखे ठेवले होते. हरिपूरला कृष्णाकाठी जमिनीत खोल खणलेल्या पेवांत हळद साठवीत. तोंड बंद केले की आत वाराही जात नसे आणि भाव येईपर्यंत कोणी उघडत नसे. दुकानात तोटा झाला की घरात कळत नसे. फायदा झाला तरी कळत नसे. गृहिणींना व्यवहाराची बातमी लागे ती दिवाणजींच्या चेहऱ्यावरून. प्राप्तिकराच्या सोयीसाठी त्या पेढीत भागीदार होत्या. भागीदारी अधिनियम, १९३२ प्रमाणे पेढीच्या देण्यास इतर भागीदारांइतक्याच, एकत्रित आणि वैयक्तिकही, बांधील होत्या. ताळेबंद त्यांनी कधी पाहिला नव्हता. ‘इथे सही कर’ म्हटले की त्या सही करीत. व्यापारी घरांत ही रीत अपवाद नाही, हे वाचकांपैकी अनेकांना मान्य करावे लागेल.

पहिले आठवडे तरी मजेत गेले. स्टॉक्टनजवळ जुन्या कॅसल ईडन लोहमार्गाचे रूळ काढून पायवाट केली आहे. रेल्वेची वाट असल्याने चढ जवळजवळ नाहीच. दोन्ही बाजूंना झाडी, थॉर्प थ्यूल्स या जुन्या स्थानकाच्या घरात आता अभ्यागतांचे केंद्र. (हे गाव रेल्वेचे खरेच; २७ सप्टेंबर १८२५ रोजी स्टॉक्टन-डार्लिंग्टन मार्ग इथेच सुरू झाला. घासून पेटणारी आगकाडीही इथल्याच जॉन वॉकर या औषधविक्याची. १८२७मध्ये त्याने ती विकली, पण पेटंट घेतले नाही. गृहस्थांना हे ऐकून रात्रभर झोप लागली नाही.) वाटेच्या टोकांना वाहने रोखण्यासाठी लोखंडी अडथळे आहेत. साधी सायकल त्यातून नागमोडी निघते, आठ फुटी टँडेम अडकते. उतरून, उचलून न्यावी लागते. तिथे जूनमध्ये सूर्य पावणेदहाला मावळतो. सूर्यास्तापूर्वी भोजनाचा नियम पाळणाऱ्या गृहस्थांनी नऊ वाजता जेवावे असा हिशेब मांडून पाहिला. गृहिणींनी साडेसहालाच ताटे मांडली आणि उरलेला उजेड सायकलीसाठी राखला.

एका संध्याकाळी थॉर्प थ्यूल्सच्या बाकावर बसलेले असताना सांगलीहून पुतण्याचा फोन आला. गृहस्थ उठून बाजूला गेले, बोलले, परत आले. “कोणाचा?” “काही नाही. निघू या.”

परतीच्या वाटेवर त्यांनी एक शब्द उच्चारला नाही. झाडाच्या मुळाने वर उचललेला वाटेचा भाग त्यांना दिसला. त्यांनी पाय थांबवले, किंचित उठले, दणका टाळला. मागे गृहिणी पूर्ण जोर लावीत होत्या. पाय अचानक अडले, आसन खालून वर आले, उजवा पाय पायट्यावरून सुटला आणि फिरत्या पायट्याने नडगी सोलली. सायकल पडली नाही. कप्तानाने छान सावरली.

“अहो, काय झालं?”

“काही नाही.”

गृहिणी उतरल्या. रुमाल नडगीला बांधला. कडेच्या दृष्टीने वाटेच्या दोन्ही काठांचा अंदाज घेत त्या चालू लागल्या. गृहस्थ मागून आठ फुटांची सायकल ढकलीत निघाले. दोन मैल. पाहणाऱ्याला गंमत वाटावी असे ते दृश्य होते: ज्यांना समोरचे दिसत नाही त्या पुढे आणि ज्यांना दिसते ते मागे, समोर पत्नीची पाठ.

पेव उघडल्यावर लगेच आत उतरायचे नसते. कोंडलेली हवा आधी बाहेर जाऊ द्यावी लागते. घाई करणारा आत गुदमरतो. हळदीच्या व्यापाऱ्याच्या घरी पस्तीस-चाळीस वर्षे काढलेल्या बाईला हे ठाऊक होते. त्या मागे वळल्या नाहीत आणि काही विचारलेही नाही.

पहिला मैल संपल्यावर मागून आवाज आला. “पुतण्याच्या शीतगृहाचं कर्ज. तीन वर्षांपूर्वी जामीन राहिलो.”

त्या चालत राहिल्या.

“हप्ते थकले. नव्वद दिवस उलटले. बँकेची नोटीस आली आहे.”

“किती?”

“अठ्ठेचाळीस लाख.”

“तुम्ही जामीन. मग तारण काय?”

यावर बराच वेळ फक्त चेनचा आवाज येत राहिला. तारण राहते घर होते. घर गृहिणींच्या नावे होते. तीन वर्षांपूर्वी बँकेत जाऊन त्यांनी ज्या कागदांवर सह्या केल्या, ते घराचे हक्कलेख जमा करून दिलेले तारण होते. अक्षरे तेव्हाच तरंगू लागली होती, आणि सही करण्याची जागा गृहस्थांनी बोटाने दाखवली होती. त्यांनी विचारले नाही, यांनी सांगितले नाही. भारतीय करार अधिनियम, १८७२च्या कलम १२८नुसार, कराराने मर्यादा घातलेली नसेल तर, जामीनदाराचे दायित्व मूळ ऋणकोइतकेच असते. ‘फक्त नावापुरता जामीन’ अशी वस्तू कायद्यात नाही. २००२च्या सरफेसी कायद्याखाली साठ दिवसांची मुदत देणारी ती नोटीस सांगलीच्या घरी पोहोचली होती, आणि तीवर तारण देणारी व्यक्ती म्हणून गृहिणींचेही नाव होते.

“माझ्या नावाची नोटीस,” त्या म्हणाल्या, “आणि काही नाही?”

घरी आल्यावर सुनेने जखम धुतली. आठवडाभर टँडेम भिंतीला टेकून उभी राहिली. शेजारी नेमाने हवा तपासून जात. काही विचारत नसत. गृहस्थ रोज सकाळी सांगलीला फोन करीत. आता ते बाजूला जात नसत. फोन स्पीकरवर टाकून स्वयंपाकघरातील टेबलावर ठेवीत, आणि गृहिणी भाजी निवडताना ऐकत. तिसऱ्या दिवशी त्यांनी मध्येच पुतण्याला विचारले की शीतगृहातील रिकामे कप्पे तासगावच्या बेदाणेवाल्यांना भाड्याने का देत नाही. दोघे पुरुष गप्प झाले. हे दोघांनाही सुचले असावे. पण कमीपणा वाटून कोणी बोलले नव्हते. कप्पे भाड्याने गेले. धाकट्या मुलाने मुदतीच्या आत थकबाकी भरली, खाते नियमित झाले. कर्ज अजून फिटलेले नाही. जामीनही सुटलेला नाही. पण हप्ता गेल्याचा संदेश दर महिन्याला घरात मोठ्याने वाचला जातो, आकड्यासकट.

पुन्हा सायकलीवर बसण्यास गृहिणींनी एकच अट घातली. ती त्यांनी नवऱ्याला नव्हे, शेजाऱ्यांना सांगितली. मागच्या चाकातल्या ढोलकी ब्रेकची मूठ पुढच्या हँडलवरून काढून मागच्या हँडलवर बसवावी. गृहस्थ म्हणाले, “अगं, तुला समोरचं दिसत नाही, ब्रेक कधी लावायचा ते कसं कळणार?” शेजाऱ्यांनी उत्तर दिले नाही, ते पान्हा आणावयास गेले. वास्तविक यात जगावेगळे काही नाही. लांब उतारावर हा ब्रेक मागच्याने धरावा, अशी सोय अनेक टँडेमवर असते. कप्तानाचे दोन्ही हात त्यामुळे मोकळे राहतात. तारही आखूड लागते. काम अर्ध्या तासाचे होते. शेजाऱ्यांनी ते दीड तास केले, आणि करताना एवढेच बोलले की आमच्या घरीही ही मूठ मागेच होती, ती गेल्यावर आपण उगीच पुढे आणली.

ऑगस्टच्या पहिल्या रविवारी दोघे पुन्हा लोहमार्गाच्या वाटेवर निघाले. गृहस्थ आता जरा जास्तच बोलत होते. “खड्डा. नाही, लहान आहे. गिअर बदलतो. थांब. आता चल. पुढे अडथळा, ब्रेक लावतोय, तूही लाव. उजवीकडे दोन माणसं, एक कुत्रा. डाव्या बाजूला घोडा येतोय.”

“घोडा मला दिसला,” मागून आवाज आला. “कडेचं मला दिसतं. तुम्ही समोरचं सांगा.”